बॅकअप संपेपर्यंत

*ताई, नमस्कार. वय ३६, राहणार पिंपळे सौदागर. सर्व्हरची देखभाल करणाऱ्या टीममध्ये आहे. महिन्यातले दोन आठवडे नाइट शिफ्ट, तीही घरून. रात्री दीडला बॅकअप लागला की तास-दीड तास नुसती पट्टी सरकताना बघायची. झोपता येत नाही, कारण मध्येच अडकला तर लगेच हात घालावा लागतो. त्या वेळात मी इंटरनेटवर भटकतो. रील्स बघत नाही, सोशल मीडियावर माझं खातंही नाही. माझं खूळ वेगळं आहे: विंडोजच्या आधीच्या संगणकांवरचे जुने डॉस गेम, बिस्किटं भाजायचा तो गेम, ‘लाइफ’ या खेळातले आपोआप जगणारे-मरणारे ठिपके. एका टॅबच्या चाळीस होतात. शिफ्ट सहाला संपते आणि खुर्चीतून मी उठतो साडेसातला. बायको म्हणते, “रील बघणारे निदान हसतात तरी. तू ठिपके बघत बसतोस.” मुलगी चौथीत आहे, तिची व्हॅन सात-दहाला येते, सोडायला बायकोच जाते. रील आणि हे, दोन्ही एकच का? सवय मोडावी की राहू द्यावी? (आणि हे बायकोला कळू देऊ नका, पण अशा दोन-चार चांगल्या साइट्स तुम्हाला माहीत असल्या तर सांगाल का?)*
*— रात्रपाळीवाला*

रात्रपाळीवाले, नमस्कार.

कंसातलं वाक्य वाचून माझा चहा सांडला. दारू सोडायचं औषध न्यायला आलेल्याने जाता जाता “इथे जवळपास बरा बार कुठला हो?” विचारावं, त्यातली गत. पण विचारलंत योग्य बाईला.

१९९४ साली मी मुंबईत एका कंपनीच्या संगणक विभागात कामाला लागले. पगाराच्या याद्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघायच्या. सगळी यादी छापून व्हायला अख्खी दुपार जायची आणि कागद अडकत नाही ना, हे बघायला शेजारी कुणीतरी बसावंच लागायचं. कुणीतरी म्हणजे मी. समोर विंडोज, विंडोजमध्ये सॉलिटेअर. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले, ते मला कळलंच नाही. कळल्यावर खिडकी बंद करायला घाईघाईने माउस सरकवला, तर म्हणतात कसे, “थांबा, बदाम दश्शी इस्पिक गुलामावर लागतेय की!” लागत होती. आम्ही दोघांनी मिळून तो डाव सोडवला. तेवढ्या वेळात कागद अडकून पुढचं सगळं एकाच ओळीवर छापलं गेलं होतं, ते आम्हाला चार वाजता दिसलं. एका काळ्या पट्ट्यात निम्म्या कंपनीचा पगार.

तो सॉलिटेअर मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी नावाच्या पोराने लिहिला होता, हे मला फार नंतर समजलं. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो आला. पत्त्यांची चित्रं सुझन केअरची. चेरीने त्यात एक ‘साहेब आले’ कळही ठेवली होती. दाबली की पत्ते गायब आणि आकड्यांचा खोटा तक्ता समोर. कंपनीने ती काढायला लावली म्हणे. आमच्या साहेबांवर तिचा काही उपयोग झाला नसता, ते पत्तेच बघायला आले होते.

तुमची अवस्था नवी नाही, एवढंच मला सांगायचंय. यंत्र कामात आहे, माणूस रिकामा आहे, पण उठून जायची सोय नाही. संगणकवाल्यांचा अर्धा टाइमपास याच फटीतून उगवलेला आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली काही मंडळींना कॉफीसाठी जिने चढून-उतरून जावं लागे आणि गेल्यावर भांडं रिकामं. वैतागून त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं करडं, पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आपापल्या पडद्यावर आणलं. १९९३ साली ते चित्र वेबवर गेलं, आणि जगभरचे लोक दुसऱ्यांची कॉफी किती उरलीय ते बघू लागले. वेबकॅम म्हणून आज आपण ज्याला ओळखतो, त्याची सुरुवात ही. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. भांड्याचा लिलाव झाला, एका जर्मन नियतकालिकाच्या वेब आवृत्तीने ते ३,३५० पौंडांना घेतलं. पगार प्रयोगशाळेचा, वेळ प्रयोगशाळेचा, काम काय तर कॉफीवर डोळा.

आणि कबुतरं! नेटवर्कवाले आहात, तेव्हा आरएफसी ११४९ तुम्हाला माहीत असणारच. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज.) १ एप्रिल १९९० रोजी अगदी गंभीर चेहऱ्याने प्रसिद्ध झालेला दस्तऐवज: इंटरनेटवरच्या माहितीची पाकिटं कबुतरांच्या पायाला बांधून कशी पाठवावीत. इथवर ठीक, थट्टा आहे. पण ११ वर्षांनी नॉर्वेत बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमींनी ती खरंच करून बघितली. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी नऊ पाकिटं सोडली, चारांचं उत्तर आलं. पिंगचा, म्हणजे पाकीट पाठवून उत्तर यायचा, वेळ: लवकरात लवकर ५३ मिनिटं, उशिरात उशिरा पावणेदोन तास. तुमचा बॅकअप बरा म्हणायचा. तो अहवाल अजून वाचायला मिळतो. रात्री अडीचला एकट्याने वाचू नका, हसून घर जागं कराल. वहिनींची तक्रारच आहे ना की तुम्ही हसत नाही? त्यांनाच वाचून दाखवा, दिवसा.

आता तुमचा खरा प्रश्न. रील आणि हे एकच का?

नाही. पण तुम्हाला वाटतंय तितकं वेगळंही नाही. आणि फरक साइट ‘बुद्धीची’ आहे की ‘बिनडोक’ यात नाही. मी दोनच गोष्टी बघते. याला शेवट आहे का? आणि याचं झाकण उघडतं का?

रीलला शेवट नाही; तो नसावा अशीच तिची बांधणी आहे. झाकण तर नाहीच. पुढची रील हीच का आली, हे तुम्हाला कधी कळणार नाही. पण तुमचा तो बिस्किटांचा गेम घ्या. कुकी क्लिकर ना? एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१३ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत लिहिलेला. बिस्किटावर टिचकी मारा, एक बिस्कीट. पंधरा झाली की एक बोट विकत, शंभर झाली की एक आजी. मग आजी भाजत बसते आणि तुम्ही बघत बसता. पुढे शेतं, कारखाने, अब्ज, खर्व, निखर्व. टॅब उघडी ठेवली की आपोआप वाढतं, म्हणून टॅब बंद होत नाही. हा थट्टेने लिहिलेला गेम आहे, टिचक्या मारायला लावणाऱ्या गेमांचीच थट्टा. पण थट्टा कळूनही माणूस सुटत नाही. त्यामुळे तुमच्या यादीतला तो एक मात्र वहिनींच्या बाजूला जातो. रीलच आहे ती, फक्त आकड्यांची.

त्याच जातीचा, पण शेवट असलेला हवा असेल तर ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ खेळा. फ्रँक लँट्झने २०१७ साली केला. कागदाला लावायच्या टाचण्या बनवणारं यंत्र तुम्ही चालवता, आणि तुमचं यंत्र इतकं कार्यक्षम होत जातं की शेवटी अख्ख्या विश्वाच्या टाचण्या होतात. मग पडद्यावर बनवण्यासारखं काही उरत नाही. गेम संपतो. मी तो तीन संध्याकाळी खेळले, शेवटची टाचणी झाल्यावर बराच वेळ गप्प बसले होते, आणि पुन्हा उघडला नाही. असा टाइमपास मला चालतो.

तासांचा हिशेब मात्र मला सांगू नका. मे २०१० मध्ये पॅकमॅनच्या तिसाव्या वाढदिवसाला गूगलने मुखपृष्ठावर खेळता येणारा पॅकमॅन ठेवला होता. वेळ मोजणाऱ्या एका कंपनीने लगेच गणित मांडलं: जगाचे ४८ लाख तास वाया गेले. आतला आकडा बघितला तर माणशी सरासरी ३६ सेकंद जास्त. ३६ सेकंद! आमच्या वेळी तेवढ्यात मोडेमची किरकिरसुद्धा संपत नव्हती. वेळ किती गेला यावरून काहीच कळत नाही, कुठला गेला ते बघावं लागतं. त्याकडे येतेच आहे. आधी कंसातल्या विनंतीचं बघते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

बॅकअपच्या वेळेला तोलून मापून बसेल असा एकच गेम आहे: प्रिन्स ऑफ पर्शिया. कारण त्यातच घड्याळ आहे. ६० मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचा, नाहीतर खेळ खलास. जुन्या गोष्टी जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या साइटवर डॉसचे हजारो गेम थेट ब्राउझरमध्ये चालतात, त्यात हाही आहे. आमच्या विभागात तो फ्लॉपीवरून आला होता आणि पहिल्या मजल्यावरची ती डुगडुगणारी फरशी पायाखालून गेली की प्रिंटरशेजारचे तिघेही एकदम “अर्रर्र” करायचे. त्या राजपुत्राचं धावणं इतकं माणसासारखं का दिसतं, माहितीये? जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला-उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चित्र गिरवून काढलं. १९८९ सालच्या ॲपल टू यंत्रावर हे सगळं. मूळ कोड हरवला असंच तो धरून चालला होता. पुढे वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, आणि एप्रिल २०१२ मध्ये त्याने तो कोड सगळ्यांसाठी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवला. म्हणजे गेमलाही शेवट, आणि झाकणही सताड उघडं. ॲपल टूच्या ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली भाषा आहे, एखादी रात्र त्या राजपुत्राची उडी कशी लिहिलीय एवढंच बघा.

सपोर्टला आहात म्हणून दुसरा: पासवर्ड गेम. नील अग्रवालचा, जून २०२३ चा. दिवसभर लोकांना “किमान आठ अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह” सांगणाऱ्यावर उगवलेला सूड आहे तो. सुरुवात तशीच होते. मग सांगतो, आकड्यांची बेरीज २५ यायला हवी. मग आजच्या चंद्राची कला घाला. मग बुद्धिबळाच्या पटावरची सर्वोत्तम चाल घाला. मग पासवर्डमध्ये एक अंडं येतं, त्याला जपा म्हणतो. पुढे पासवर्डला आग लागते, आणि ती विझवण्याच्या नादात अंडं जळलं तर खेळ तिथेच संपतो. अंडं फुटून पिल्लू निघालं की त्याला अळ्या खाऊ घालायच्या. एकूण ३५ नियम. मी सतरा-अठराच्या पुढे गेले नाही. गेलात तर मला कळवू नका.

तिसरी साइट, ‘नँड गेम’. सुरुवातीला हातात फक्त रिले, म्हणजे विजेवर उघडमीट होणारे स्विच. त्यांतून एक नँड गेट (हो-नाही ठरवणारा संगणकातला साधा घटक), नँडमधून बाकीची गेटं, त्यांतून बेरीज करणारं यंत्र, आठवण ठेवणारं यंत्र, असं करत शेवटी चालता प्रोसेसर. मधल्या पायऱ्यांवर डोकं फिरतं. पण ज्या सर्व्हरपुढे तुम्ही रात्र काढता तो आतून काय करतो, हे गेटागेटाने हातातून गेलं की बॅकअपच्या पट्टीकडे बघायची नजर बदलते. रोज एक पायरी, एवढाच नेम ठेवा.

आणखी एक असतं डिसेंबरात, ॲडव्हेंट ऑफ कोड. २०१५ पासून चालू आहे, महिन्याच्या सुरुवातीचे काही दिवस रोज एक प्रोग्रॅमिंगचं कोडं. ते अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मध्यरात्री खुलं होतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. तेव्हा तुम्ही झोपलेले असता आणि झोपलेलेच असावं.

तर, कुठला वेळ गेला.

तुमच्या पत्रात दोन वेळा आहेत आणि तुम्ही त्या एकाच दोरीत बांधल्यात. दीड ते तीन ही एक. ती वेळ तुम्हाला पगारात मिळालेलीच आहे, बसून राहायची. तिथे राजपुत्र मेला काय, अंडं जळलं काय, कुणाचंही काही जात नाही. अलर्टचा आवाज चालू ठेवा आणि खुशाल खेळा. मला त्यात मोडायची सवय अशी काही दिसत नाही.

दुसरी वेळ सहा ते साडेसात. तेव्हा बॅकअप चालू नसतो. कशाचीच वाट बघायची नसते. तरी तुम्ही त्याच खुर्चीत, त्याच टॅबसमोर बसून असता, कारण ऑफिसातून घरी जायचा रस्ताच उरला नाही. पूर्वी माणूस उठायचा, डबा भरायचा, बसला लोंबकळायचा, तेवढ्यात डोक्यातली शिफ्ट उतरायची. तुमची उतरत नाही म्हणून तुम्ही ठिपके बघत राहता. आणि त्याच दीड तासात शेजारच्या खोलीत डबा, वेणी, न सापडणारा एक मोजा आणि सात-दहाची व्हॅन. वहिनींचं वाक्य मी पुन्हा वाचलं. त्या रीलबद्दल बोलतच नाहीयेत हो. ठिपक्यांबद्दलही नाही. तुम्ही तीन वाजता काय बघता, हे त्यांना कुठून दिसणार? त्यांना दिसतात ते सहा नंतरचे.

उपाय साधा आहे. खेळायचं ब्राउझर वेगळं ठेवा, कामाचं वेगळं, आणि खेळायचं ते सहा वाजता आपोआप बंद होईल अशी एका ओळीची आज्ञा लावून टाका. ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं क्रॉन तुम्हाला मी काय शिकवू! हॅकर न्यूज ही प्रोग्रॅमरांची बातम्या-चर्चांची साइट तर असली सोय स्वतःच देते. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘नोप्रोक्रास्ट’ म्हणून एक पर्याय आहे. चालू केला की वीस मिनिटांनी साइट तुम्हाला बाहेर काढते आणि तीन तास आत घेत नाही. आपल्याच गिऱ्हाइकाला “घरी जा” म्हणणारी वाणसामानाची दुकानं मी पाहिली आहेत, वेबसाइट ही एकच.

आज्ञा लावली तरी ती काढणं तुमच्याच हातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून दुसरं. व्हॅनला सोडायला तुम्ही जा. जिना उतरायचा, गेटपर्यंत चालायचं, मुलीचं दप्तर आत ढकलायचं, आणि परत. तुमचा ऑफिस ते घर रस्ता तेवढाच. आल्यावर झोप लागेल, मशीनकडे जायची ताकद उरणार नाही. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल. होऊ द्या.

राहिले ‘लाइफ’चे ठिपके. ते मला सोडवत नाहीत, म्हणून तुम्हाला सोडा म्हणणार नाही. फक्त रात्रीतून काढून रविवार सकाळी आणा. गणितज्ञ जॉन कॉनवेने हा खेळ काढला तेव्हा केंब्रिजमध्ये तो पटावर सोंगट्या मांडूनच खेळायचे. १९७० च्या ऑक्टोबरात ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या मार्टिन गार्डनरच्या गणिताच्या सदरातून तो जगाला कळला. चौथीतल्या मुलीला नियम पाठ व्हायला दोन मिनिटं लागतात. ठेवलेल्या सोंगटीला शेजारी दोन किंवा तीन असतील तर ती जगते, नाहीतर मरते. रिकाम्या घराला बरोबर तीन शेजारी असतील तर तिथे नवी जन्मते. शेजारी म्हणजे आठही बाजूंचे.

चिंचोके घ्या, मधोमध फोडलेले. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. चौकटीच्या वहीतल्या घरात चिंचोका मावत नाही, मी करून बघितलंय, म्हणून चार घरांचं एक करा. तीन बाय तीनच्या जागेत पाच चिंचोके तपकिरी बाजू वर करून ठेवा: खालच्या ओळीत तिन्ही, मधल्या ओळीत फक्त उजवीकडे एक, वरच्या ओळीत फक्त मध्ये एक. आता मोजा. पण मोजता मोजता उचलू नका, इथेच सगळे चुकतात. मरणाऱ्याला नुसतं घराच्या कोपऱ्यात सरकवा, जन्मणाऱ्याला पांढरी बाजू वर करून ठेवा, सगळं मोजून झालं की मेलेले उचला आणि पांढरे उलटा. पहिल्या फेरीत वरचा एक आणि खालच्या ओळीतला डावा जाईल, दोन नवे येतील. पुन्हा पाचच. चार फेऱ्यांनी बघा, तोच आकार एक घर उजवीकडे आणि एक घर खाली सरकलेला असेल. कुणी ढकललं नाही, तरी चालला. या आकाराला ग्लायडर म्हणतात; तो तुम्ही हजारदा पाहिला असेल, पण स्वतःच्या बोटांनी चालवलेला बहुधा नसेल.

तिसऱ्या फेरीला मुलगी तुमची चूक काढेल. माझ्या भाचीने काढली होती.

आणि कंसातलं वाक्य वहिनींना कळू देऊ नका म्हणालात. पत्र सदरात छापायला देऊन झालंय. आज सहाला उठलात तर त्यांच्याआधी अंक तुमच्या हातात पडेल.